दंडाची पट्टी सांगते ते, आणि न सांगते ते

दिवाळी उरकली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परततात. मग अंगणवाडीत मुलांचे वजन होते, दंडाचा घेर मोजला जातो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’ ठरते. मोजमाप सोपे आहे. त्या मुलाला पुढे काय खायला द्यायचे, यावर मात्र तज्ज्ञांचेही एकमत नाही.

वाद आहे तो ‘आरयूटीएफ’ या तयार पाकिटांचा. शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांचे हे मिश्रण. त्याच्या वापरासाठी पुरेसा पुरावा नाही, असे केंद्र सरकारने २०१७ मध्ये राज्यांना कळवले. महाराष्ट्रातही त्यावर बरीच चर्चा झाली.

पुरावा काय सांगतो? संशोधनाचा एकत्रित आढावा घेणारी ‘कोक्रेन’ ही संस्था आपल्या आढाव्यांसाठी कंपन्यांचा पैसा घेत नाही. तिच्या २०१३च्या आढाव्यात ठाम निष्कर्ष निघाला नव्हता. २०१९च्या आढाव्यात १५ अभ्यास आणि सुमारे आठ हजार मुले होती. पाकिटांमुळे मुले बरी होण्याचे प्रमाण बहुधा वाढते, असे त्यात दिसले. पण मूल पुन्हा कुपोषित होते का आणि मृत्यू टळतात का, हे स्पष्ट झाले नाही. वर्षातले काही महिने भट्टीवर काढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने नेमका तोच प्रश्न मोठा आहे.

याच आढाव्यात आणखी एक नोंद आहे. १५ पैकी सहा अभ्यासांना उद्योगांकडून पैसा किंवा साहित्य मिळाले होते. म्हणून ते अभ्यास खोटे ठरत नाहीत. पण वाचणाऱ्याला ही गोष्ट माहीत असायला हवी.

बाळाचे दूध आणि शिशुआहार विकणाऱ्या कंपन्यांनी डॉक्टरांना भेटी देणे, त्यांच्या परिषदांना पैसा पुरवणे याला १९९२च्या कायद्याने आणि २००३च्या दुरुस्तीने मनाई केली. कंपनीचा हात दूर झाला, पण मोकळ्या जागी निष्पक्ष माहिती आपोआप येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला बाह्यरुग्ण विभाग सांभाळून इंग्रजी शोधनिबंध चाळायला सवड नसते. आशा आणि अंगणवाडी सेविकांपर्यंत तर ते पोहोचतच नाहीत.

उपाय खर्चिक नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था किंवा अलिबागचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांना दर तीन महिन्यांनी एक मराठी पत्रक काढता येईल. नवा अभ्यास कुठे झाला, किती मुलांवर झाला, पैसा कोणाचा होता, काय कळले आणि काय कळले नाही, एवढे त्यात असले तरी पुरे. पहिले पत्रक मे महिन्यात, कुटुंबे भट्टीवरून परतण्याच्या सुमारास, सेविकेच्या हाती पडायला हवे.