विश्लेषण : खाडीच्या प्रदूषणाची साक्ष गोगलगाय कशी देते?

खाडीतले बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत तपासले, तर त्या वेळी पाणी कसे होते एवढेच कळते. पुढच्या भरतीला चित्र पालटते. खडकाला चिकटलेली समुद्री गोगलगाय मात्र वर्षानुवर्षे तिथेच राहते आणि पाण्यातल्या विषाचा परिणाम तिच्या शरीरावर उमटत जातो.

हे केव्हा लक्षात आले?
इंग्लंडमधील प्लिमथ येथे १९७० च्या सुमारास ‘डॉगव्हेल्क’ या गोगलगायीच्या माद्यांमध्ये नराचे जननेंद्रिय वाढल्याचे दिसले. या विकृतीला ‘इम्पोसेक्स’ म्हणतात. कारण १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. बोटींच्या तळाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगात ट्रायब्युटिलटिन (टीबीटी) हे कथिलाचे संयुग असे. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भाग टीबीटी असला, तरी विकृती दिसू लागते. प्रमाण वाढले की मादीची अंडी बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

बंदी कशी आली?
फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात कालवांच्या शेतीला मोठा फटका बसला. तिथे १९८२ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये लहान बोटींसाठी हा रंग बंद झाला. जागतिक करार २००१ मध्ये झाला व १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. ब्रिटनच्या अनेक किनाऱ्यांवर डॉगव्हेल्क पुन्हा दिसू लागल्या.

आपल्याकडे काय?
गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या गोगलगायीतील इम्पोसेक्सची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे हा प्रश्न केवळ युरोपचा नाही. बंदीनंतरही गाळात साचलेले टीबीटी लवकर जात नाही; गाळ उपसताना ते पुन्हा पाण्यात येऊ शकते.

मग करायचे काय?
बंदरे, गोद्या आणि जहाजदुरुस्तीच्या जागांजवळ ठरावीक ठिकाणच्या गोगलगायी दरवर्षी तपासायला हव्यात. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि सरावलेली नजर पुरते. अर्थात मर्यादाही आहे. इम्पोसेक्स ही प्रामुख्याने कथिलाच्या अशा संयुगांची खूण. पारा किंवा कीटकनाशकांसाठी रासायनिक तपासणीच लागते. म्हणून हा पाण्याच्या नमुन्यांना पर्याय नव्हे, जोड आहे. आणि तिचे निष्कर्ष फायलीत न ठेवता खाडीनिहाय जाहीर व्हावेत. त्याच चिखलातून तिसऱ्या, कालवे काढून घर चालवणाऱ्यांना ते कळण्याचा पहिला हक्क आहे.