गीझर तापला? आधी बादली भरून बघा!

सकाळचे सव्वासात. आठची कंपनीची बस. आणि बाथरूममधून आमच्या पार्टनरची पहिली आरोळी, "अरे, भाजलं!" दोन मिनिटांनी दुसरी, "अरे, गार झालं!" कोथरूडमधल्या आमच्या तीन बॅचलरांच्या फ्लॅटवर मागच्या डिसेंबरात हा रोजचा कार्यक्रम होता. गॅस गीझर आधी उकळतं पाणी ओतायचा आणि मग खटकन बंद पडायचा. नळ बंद करून पुन्हा सोडला की टिकटिक, भप्प आणि पुन्हा तेच.

आठवडाभर शिव्या घालून झाल्यावर एक मेकॅनिक बोलावला. त्यानं कव्हर काढलं, गरम पाण्याच्या पाइपवरच्या इवल्याशा बटणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "सेन्सर गेलाय, साहेब. डायरेक्ट करून देतो. परत बंद नाही पडणार." डायरेक्ट म्हणजे सेन्सरच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडायच्या. आम्ही तिघेही इंजिनीअर. आणि तिघेही "करून टाका" म्हणणार होतो, बरं का!

वाचलो ते खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. काकांची उभी हयात कारखान्यात बॉयलरवर गेलेली. आवाज ऐकून वर आले आणि मेकॅनिकला म्हणाले, "पाणी भाजतंय आणि हा बंद पाडतोय, म्हणजे सेन्सर गेलेला नाही, तोच तेवढा शाबूत आहे. पाणी एवढं तापतंय का, ते सांग." मेकॅनिकला अचानक दुसरा कॉल आठवला.

मग काकांनी बादली मागवली. १५ लिटरची. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि घड्याळ लावलं. गॅस गीझरमध्ये टाकी नसते. ज्योतीवर तांब्याची नळी, त्या नळीतून पाणी धावतं आणि धावता धावता तापतं. बरेचसे गीझर मिनिटाला ५-६ लिटर पाणी धरून बनवलेले असतात. म्हणजे बादली तीनेक मिनिटांत भरायला हवी. आमची भरायला ६ मिनिटं लागली. ज्योत तेवढीच आणि पाणी निम्मं, मग ते उकळणार नाही तर काय?

पाणी कमी का? एक तर आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. लोकांना वाटतं टाकी डोक्यावर म्हणजे प्रेशर जोरदार, पण असतं नेमकं उलटं. टाकी जितकी जवळ तितकं प्रेशर कमी. शिवाय सोसायटीत बोअरचं पाणी. गीझरला पाणी जिथून आत शिरतं तिथे एक बारीक जाळी असते. ती काढली तर निम्मी जाळी क्षारांनी बुजलेली. शॉवरची भोकंही तशीच. (हे काम पाणी आणि गॅस दोन्ही बंद करूनच करायचं, आणि गीझर थंड असताना.)

पण खरा घोळ आमच्या हाताचा होता. पाणी फार गरम आलं की आपण काय करतो? गरम पाण्याचा नळ बारीक करतो. इथेच फसतो, बॉस! नळ बारीक केला की गीझरमधलं पाणी आणखी हळू सरकतं आणि आणखी तापतं. करायचं ते उलट. गॅसचं बटण कमी करा, पाण्याचं वाढवा. एप्रिलमध्ये गच्चीवरची टाकी आधीच तापलेली असते, तेव्हा तर ज्योत कमीवरच हवी. आणखी एक, मुंबईहून शिफ्ट होताना तिथल्या पाइप गॅसवरचा गीझर उचलून आणला असेल तर तो तसाच सिलिंडरला जोडू नका. दोन्ही गॅसचे जेट वेगळे असतात. ज्योत नको इतकी मोठी होते.

जाळी धुतली, शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला. बादली साडेतीन मिनिटांवर आली. आम्ही खूश. काका मात्र बाथरूमच्या खिडकीकडे बघत उभे. थंडी वाजते म्हणून पार्टनरनं काचेच्या पट्ट्यांवर पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला होता. ज्योतीची टोकं पिवळी, आणि वरच्या पत्र्यावर काजळी.

"अंघोळीनंतर डोकं दुखतं का रे तुझं?" काकांनी विचारलं.

"रोज. मला वाटलं ऑफिसमुळे."

काकांनी आधी पुठ्ठा ओढून काढला, मग बोलले. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, गळती कळावी म्हणून. पण हवा पुरेशी न मिळता गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि बाथरूमला आतून कडी असते. पार्टनर स्टुलावर बसून ऐकत होता. गेल्या मंगळवारी चक्कर आली होती, भिंत धरून बाहेर आलो, हे त्यानं आम्हाला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

तेव्हा जाळी, शॉवर, बटणं तुमची तुम्ही बघा. पिवळी ज्योत, काजळी, डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर गॅस बंद, खिडकी उघडी, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत पाणी पातेल्यात तापवा. गरगरलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि डॉक्टर गाठा.

आम्ही घरमालकांशी दोन दिवस वाद घालून गीझर बाथरूमबाहेर, ड्राय बाल्कनीत हलवला. भिंतीला भोक पाडल्याचे पैसे ते डिपॉझिटमधून कापणार आहेत. पार्टनरचं सकाळचं डोकं दुखणं थांबलंय. संध्याकाळचं दुखतं, ते ऑफिसमुळेच.