खंडानंतरचा खेळ

गेल्या महिन्यांत एके दुपारीं आमच्या वडील भगिनी हातांत फोन घेऊन आमच्या खोलींत आल्या, आणि बसण्यापूर्वींच म्हणाल्या, "दर महिन्यास तूं लोकांना शहाणपण सांगतोस; आतां थोडें आपल्या भाच्यालाही सांग. त्याला पुन्हा तो रेड्यांच्या टकरीचा खेळ खेळायचा आहे!" भाचा म्हणजे ताईंचा धाकटा मुलगा. नोकरीच्या निमित्तानें तो इंग्लंडांत स्थायिक झाला असून त्याचें वय पस्तिशीच्या पुढें गेलें आहे. येत्या सप्टेंबरांत गांवच्या रग्बी संघांत पुन्हा उतरण्याचा आपला विचार आहे, असें त्यानें आईस कळविलें होतें. त्यावर घरांत तीन दिवस खल चालला होता. आमच्या मातोश्रींनीं तर "त्याला माझी शपथ घाल," एवढाच निरोप दिला होता.

ताईंचा राग अकारण नव्हता. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें इंग्लंडांतील हौशी रग्बीचे सामने बंद पडले. साखळी सामन्यांस पुन्हा आरंभ झाला तो सप्टेंबर २०२१ मध्यें. मधले अठरा महिने आमच्या भाच्यानें स्वयंपाकघरांतील मेजावर संगणक ठेवून नोकरी केली. पुढें मैदानें उघडलीं, त्या आनंदाच्या भरांत दोनच संध्याकाळ सराव करून तो पहिल्या शनिवारीं सामन्यास उतरला. उत्तरार्धांत चेंडूमागें धांवतांना कोणीतरी मागून पोटरीवर सणसणीत लाथ मारली असें त्यास वाटलें. वळून पाहतो तों मागें कोणीही नव्हतें! टांचेची कंडरा तुटली होती. ही कंडरा तुटलेले रोगी ती अदृश्य लाथ अशीच वर्णन करितात, हें त्यास रुग्णालयांत समजलें. दहा महिने त्यास धड धांवतां आलें नाहीं. आणि घरीं तान्हें मूल असतां सुनेस दोघांची सेवा करावी लागली. ताईंच्या मनांतून तें वर्ष अजून गेलेलें नाहीं.

वाचकांपैकीं अनेकांस हा खेळ केवळ ऐकून ठाऊक असेल. लंबगोल चेंडू हातीं घेऊन प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे तो टेकवावयाचा, आणि वाटेंत प्रतिपक्षानें अंगावर झेप घेऊन त्यास खालीं पाडावयाचें, हें त्याचें सार होय. या पाडण्यास टॅकल म्हणतात. हा खेळ आपल्या देशास अगदींच परका आहे असेंही नाहीं. कलकत्त्याच्या गोऱ्या लोकांचा रग्बी संघ मोडला तेव्हां त्यांनीं शिलकी चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला आणि १८७८ सालीं तो इंग्लंडच्या रग्बी मंडळास दिला. नागाच्या आकाराचे कान आणि झांकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता चषकासाठीं इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून झुंजत आले आहेत. मुंबईंतही बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खेळ तोच, खेळाडू तोच, मग केवळ खंड पडल्यानें एवढा अपाय कां व्हावा? याचें उत्तर असें कीं, खंड पडल्यावर शरीराचीं सर्व अंगें सारख्या वेगानें ढिलीं पडत नाहींत, आणि सारख्या वेगानें सुधारतही नाहींत. प्रथम जातो तो दम. नित्य व्यायाम करणाऱ्या माणसांनीं व्यायाम थांबविला तर त्यांची प्राणवायु वापरण्याची शक्ति तीन आठवड्यांत शेंकडा ७ नें आणि बारा आठवड्यांत शेंकडा १६ नें उतरते, असें १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आढळलें. परंतु जो दम लवकर जातो, तो लवकर परतही येतो. त्याच्या मागोमाग स्नायु येतात. एकदां कमावलेला स्नायु दुसऱ्या खेपेस त्या मानानें लवकर भरतो. सर्वांत शेवटीं येते ती कंडरा, म्हणजे स्नायूस हाडाशीं बांधणारी दोरी. तिला रक्ताचा पुरवठा बेताचा, आणि तिची झीज भरून येण्याची गति अत्यंत मंद. १९५० नंतरच्या अणुस्फोटांनीं हवेंत सोडलेल्या कार्बनाच्या खुणा तपासून डेन्मार्कच्या संशोधकांनीं २०१३ सालीं असें दाखविलें कीं, टांचेच्या कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढें जन्मभर जवळजवळ तोच राहतो. अशी ही दोरी पुन्हा ताणास सरावावयास आठवडे नव्हे, महिने लागतात.

फसगत होते ती येथेंच. चार आठवडे धांवल्यावर छाती भरून येत नाहीं, मांड्या घट्ट लागतात, आणि खेळाडूस वाटतें कीं आपण पूर्ववत् झालों. तुटावयाची वस्तु मात्र अजून अर्धीही तयार झालेली नसते. शिवाय एक गोष्ट खंडानें मुळींच कमी होत नाहीं, ती म्हणजे मनाची हौस. चेंडू समोर आला कीं मन अठरा महिन्यांपूर्वींचीच आज्ञा सोडतें, आणि बिचारें शरीर ती पाळण्यास धांवतें.

व्यावसायिक खेळाडूंचीही यांतून सुटका नाहीं. अमेरिकेंत २०११ सालीं मालक आणि खेळाडू यांच्या वादापायीं तेथील फुटबॉलचीं सरावकेंद्रें मार्चपासून जुलैपर्यंत बंद होतीं. तीं उघडल्यावर पहिल्या १२ दिवसांतच १० खेळाडूंच्या टांचेच्या कंडरा तुटल्या. एवढ्या एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधूं नये हें खरें. पण ज्यांच्या पदरीं वैद्य, मर्दनकार आणि शिक्षक यांचा ताफा असतो त्यांची ही गत, तर दिवसभर खुर्चीवर बसून संध्याकाळीं मैदान गांठणाऱ्याची काय होईल?

येथें न्यायाची एक गोष्ट ताईंस सांगावी लागली. हौशी रग्बी हा कांहीं मृत्यूचा सांपळा नव्हे. इंग्लंडांतील हौशी प्रौढ खेळाडूंची नोंद ठेवली असतां, आठवड्याहून अधिक काळ खेळ बंद पाडणाऱ्या दुखापती सामन्याच्या दर हजार तासांस सुमारें १७ आढळल्या. एक खेळाडू हंगामांत वीस पूर्ण सामने खेळला तर त्याचे तास होतात सत्तावीस. म्हणजे दोन हंगामांत अशी एखादी दुखापत व्हावयाची. यांपैकीं जवळजवळ निम्म्या टॅकलच्या वेळीं होतात. धोका आहे, पण तो असा आहे कीं ज्याचें माप घेतां येतें आणि जो कमीही करितां येतो.

तो कमी कसा करावा? आमच्या भाच्यास आम्हीं जें कळविलें त्याचा सारांश येथें देतों. कारण तो ज्यांस रग्बीशीं कर्तव्य नाहीं त्यांच्याही उपयोगी पडावा.

पहिली गोष्ट, तारखेवरून हिशेब करूं नये, तयारीवरून करावा. सामना सप्टेंबरांत आहे म्हणून ऑगस्टांत धांवूं लागणें हें परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडण्यासारखें आहे. निदान तीन महिने आधीं आरंभ करावा, आणि दर आठवड्यास भार थोडथोडाच वाढवावा. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशीं दुप्पट मेहनत करून भरून काढूं नये. दुखापतींची मोठी आई हीच.

दुसरी गोष्ट, ज्या अंगाची भीति त्याची स्वतंत्र आराधना करावी. पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहून टांचा सावकाश खालीं सोडणें हा पोटरीचा आणि कंडरेचा व्यायाम होय. गुडघ्यांवर बसून, घोटे कोणाकडून धरवून, धड सरळ ठेवीत हळूहळू पुढें झुकणें हा मांडीच्या मागच्या स्नायूंचा. दोन्ही दिसण्यांत सोपे आहेत. पण पहिल्या दिवशीं थोडेच करावे, नाहींतर तिसऱ्या दिवशीं जिना उतरतांना त्यांची आठवण राहते. इंग्लंडच्या रग्बी मंडळानें २०१७ पासून ॲक्टिव्हेट नांवाचा पंधरावीस मिनिटांचा पाठ प्रसृत केला आहे. तोल सांभाळणें, उडी मारून बेतानें टेकणें, मानेचे स्नायु बळकट करणें, अशा गोष्टींचा त्यांत समावेश आहे. हा पाठ ज्या हौशी संघांत चालविला गेला, तेथें साधा व्यायाम करणाऱ्या संघांच्या मानानें पायांच्या दुखापती सुमारें शेंकडा ४० नीं आणि डोक्याचे आघात सुमारें शेंकडा ६० नीं कमी आढळले. घरांतील पूजेहून अधिक वेळ त्यास लागत नाहीं!

तिसरी गोष्ट, पाडणें आणि पडणें हीं नव्यानें शिकावीं. धांवण्याचा सराव एकट्यानें होतो, पण टक्करीचा होत नाहीं. आधीं भरलेल्या पिशवीवर, मग सोबत्यावर चालत्या गतीनें, मग अर्ध्या वेगानें, आणि शेवटीं सामन्यांत, हा क्रम मोडूं नये. पहिला सामना पुरा खेळूं नये. अर्ध्यांत बाहेर यावें.

चवथी गोष्ट डोक्याची, आणि येथें तडजोड नाहीं. डोक्यास आघात होऊन क्षणभर जरी भ्रम, चक्कर अथवा मळमळ वाटली, तरी त्या दिवसापुरता खेळ संपला. आणि पुढें वैद्यानें सांगितलेल्या पायऱ्या चढून, निदान एकवीस दिवस लोटल्याशिवाय सामन्यास उतरूं नये. संघाला माणूस कमी पडतो म्हणून हें लपविणें याला शौर्य म्हणत नाहींत.

हें सर्व ऐकून ताई म्हणाल्या, "एवढा उपद्‌व्याप करण्यापेक्षां मुळांत खेळूंच नये, हें बरें नव्हे काय?" प्रश्न आईचा होता, आणि त्यास उडवाउडवीचें उत्तर देणें योग्य नव्हतें. आम्हीं त्यांस अमेरिकेंतील डॅलस शहरच्या एका प्रयोगाची हकीगत सांगितली. १९६६ सालीं तेथें वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे केवळ अंथरुणावर निजवून ठेवलें. त्यांची दमाची शक्ति चतुर्थांशाहून अधिक उतरली. तीस वर्षांनीं, १९९६ सालीं, त्याच पांचांस पुन्हा तपासलें. तीस वर्षांच्या वयोमानानें जेवढी हानि झाली होती ती त्या तीन आठवड्यांच्या निजण्याहून कमी भरली! पुढें सहा महिने बेतानें वाढविलेल्या व्यायामानें त्यांनीं ती तीस वर्षांची हानि भरूनही काढली. मनुष्य खेळानें मोडतो हें खरें; पण बसून राहिल्यानें तो मोडतच असतो, फक्त आवाज होत नाहीं.

आपल्या तालमींतील जुन्या वस्तादांस हें शास्त्र वेगळ्या भाषेंत ठाऊक होतें. तापांतून उठलेल्या पठ्ठ्यास ते एकदम कुस्तीस उभा करीत नसत. आधीं थोड्या बैठका, मग जोर, मग लाल मातींत नुसतें अंग घुसळणें, आणि मग जोड. आणि आपल्या घरोघरीं काय चालतें तें पाहावें. वर्षभर चटईस हात न लावलेले गृहस्थ रथसप्तमीच्या पहाटे १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प सोडतात आणि दुसऱ्या दिवशीं कंबर धरून कचेरींत जातात. खंड कोणाचाही पडतो, आजारानें, बाळंतपणानें, नोकरीनें वा नुसत्या आळसानें. दोष खंडाचा नसतो, तो एका दिवसांत बुजविण्याच्या हट्टाचा असतो.

म्हणून भाच्यास आम्हीं शपथ घातली नाहीं. एक अट मात्र घातली: दर मंगळवारीं आणि गुरुवारीं सरावास जाणें शक्य नसेल, तर शनिवारीं सामन्यासही जाऊं नये. ज्यास दोन संध्याकाळ काढतां येत नाहींत त्यानें चालावें, पोहावें, मुलाबरोबर धांवावें; पण रग्बी खेळूं नये. त्याचें उत्तर दुसऱ्या दिवशीं आलें. "मामा, मागल्या वेळीं मला कोणी अडविलें नव्हतें, आणि मीही कोणास विचारलें नव्हतें. सप्टेंबर सोडला, ऑक्टोबरच्या अखेरीस अर्धा सामना खेळेन. आजीला सांगा, शपथेची गरज नाहीं."

ताई कांहीं बोलल्या नाहींत. परंतु परवां मंगळवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांच्या खोलींतून फोनवरचा त्यांचा आवाज आमच्या कानीं आला. आठवडाभरापूर्वीं हा खेळ बंद करावयास निघालेली ती माउली दटावून विचारीत होती, "अरे, सात वाजत आले ना तुमच्याकडे? मग सरावाला अजून गेला कसा नाहींस?"