लवंगेचा हिशेब

नाताळच्या थंडीत जर्मनीतील अनेक घरांत 'ग्ल्यूवाइन' होते. कृती साधीच आहे. बाटलीभर तांबडी वाइन, दालचिनीचा तुकडा, चारपाच लवंगा, संत्र्याची साल आणि चवीपुरती साखर मंद आचेवर ठेवावी. उकळी येऊ देऊ नये, कारण शुद्ध मद्यार्क 78 अंशांच्या सुमारासच उकळतो. उंची वाइन यात ओतणे हा निव्वळ अपव्यय होय. मसाल्यापुढे तिचा गंध टिकत नाही. आज मद्याचे उणेपण मसाला झाकतो. मध्ययुगात मात्र महाग असे तो मसालाच.

तो स्वस्त झाला, तो केवळ बाजाराच्या कृपेने नव्हे. लवंगेचा भाव चढा राहावा म्हणून सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने मलुकू बेटांवरील झाडे तोडविली. ही मक्तेदारी फुटली ती 1770 च्या सुमारास फ्रेंचांनी रोपे मॉरिशसला पळविल्यावर. पुढे झांझिबारमध्ये लवंग पिकली ती गुलामांच्या श्रमांवर. तेथील गुलामगिरी कायद्याने रद्द व्हायला 1897 साल उजाडले.

युरोपीय संघाच्या 2014 च्या नियमानुसार ग्ल्यूवाइनमध्ये किमान 7 टक्के मद्यार्क लागतो, आणि स्वाद मुख्यत्वे दालचिनीचा वा लवंगेचाच लागतो. लवंग तोडणाऱ्याच्या मजुरीविषयी तो नियम मौन पाळतो.