पुसलें आणि शेणलें

आमच्या घरच्या कोंकणीत ‘पुसलें’ आणि ‘शेणलें’ हे दोन शब्द निरनिराळे आहेत. पाटीवरचे अक्षर पुसते. शेतात पडलेली अंगठी शेणते, म्हणजे हरवते. (मराठी वाचकाने या शब्दात शेण शोधू नये!) संगणकापुढे बसलेला विद्यार्थी मात्र दोहोंत भेद करीत नाही. फाइल चुकून पुसली गेली की “गेले सारे!” म्हणून तो हात टेकतो. ही निराशा केव्हा अनाठायी आणि केव्हा रास्त, हे त्याला कोणी सांगत नाही, अशी माझी तक्रार आहे.

गोव्यातील शाळांत २०२१ पासून कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाची सरकारी योजना आली, हे उत्तम झाले. परंतु आज्ञावली लिहावयास शिकविण्याआधी तिची नोंद ठेवावयास शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या कामी ‘गिट’ नावाची प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी रचली. तिला कामाची रोजवही समजावे. आपण ‘कमिट’ केले, की नोंदीस घेतलेल्या फाइलींचे त्या क्षणीचे रूप नाव, तारीख आणि वेळ यांसह तीत उतरते. पुढे एखादी फाइल चुकून पुसली, तर ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा काय नाहीसे झाले ते दाखविते आणि ‘गिट रिस्टोर’ ते परत आणते. पुसल्याचीच नोंद करून बसला असाल, तरी आधीच्या नोंदीचा हवाला देऊन तीच फाइल मागता येते. अख्खी नोंदच उडविली, तरी ‘रिफ्लॉग’मध्ये तिचा माग सामान्यतः ३० दिवस राहतो.

परंतु ज्याची नोंदच झाली नाही, ते गिटला ठाऊकच नसते. ते खरोखर शेणले.

मराठी मुलांना आणखी एका गोष्टीने धडकी भरते. फाइलीला ‘कविता’ असे नाव दिले, तर यादीत त्या जागी ३४०, २४४ अशा आकड्यांची माळ उमटते. फाइल बिघडलेली नसते. गिट देवनागरी अक्षरांचे बाइट अष्टमान अंकांत छापते, इतकेच. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नाव शुद्ध दिसते. एवढी साधी माहिती नसल्यामुळे मुलांनी फाइलींना परक्या लिपीत नावे द्यावीत, हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, मुलांच्या फाइलींत जपण्यासारखे असते काय? पेडण्यातील एखाद्या मुलीने पौषातल्या धालोची गीते आजीच्या तोंडून ऐकून उतरवून घेतली, तर त्या फाइलीची किंमत काय करावी? आज्ञावली पुन्हा लिहिता येते. आजीच्या मागे ते गीत तसेच्या तसे कोण सांगणार?

नोंद एकाच यंत्रात असणेही पुरेसे नाही. यंत्राची तबकडीच बिघडली तर वहीसकट सारे जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. त्या छपाईची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरून घेतलेल्या प्रतींमुळे. गिटमध्ये ‘क्लोन’ केलेली प्रत केवळ शेवटचे पान नव्हे, तर मागचा सारा इतिहास बरोबर नेते. म्हणून शाळेतील काम दुसऱ्या एखाद्या यंत्रावरही असावे.

यास वेळ कोठून आणावा, असे माझे सहकारी विचारतील. तासाची शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत. आणि वर्षारंभी, पहिल्याच आठवड्यात, शिक्षकांनी सर्वांदेखत मुद्दाम एक फाइल पुसावी व ती मुलांकडूनच परत आणवून घ्यावी.