चिलिकेचे मीठ

सृष्टीचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे पशुपक्षी आणि वृक्षवेली उभ्या राहतात. गाळ, वाळू, पाण्यातील मीठ यांची आठवण सहसा कोणास होत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिलिका सरोवराची हकीकत ऐकलीत, तर ही उपेक्षा किती महाग पडते ते आपल्या ध्यानी येईल.

चिलिकेत एका अंगाने दया, भार्गवी या नद्या गोडे पाणी ओततात. दुसऱ्या अंगाने वाळूच्या पट्टीतील मुखावाटे बंगालचा उपसागर भरतीबरोबर आत शिरतो. त्यामुळे पाणी निमखारे होते. पावसाळ्यात गोडसर, उन्हाळ्यात अधिक खारट. बोई, जातिवंत मोठी कोलंबी यांनी समुद्रात जन्म घ्यावयाचा आणि पिलांनी वाढावयास सरोवरात यावयाचे, असा त्यांचा क्रम. माहेर आणि सासर यांना एकच दार!

नद्यांचा गाळ आणि समुद्राने लोटलेली वाळू यांनी हे दार हळूहळू कोंदत गेले. खारटपणा उतरला. गोड्या पाण्यातील वनस्पती फोफावल्या, त्यांच्या गुंत्यात प्रवाह मंदावला आणि गाळ अधिकच बसू लागला. निर्जीवाने सजीवास आणि सजीवाने पुन्हा निर्जीवास बिघडविले ते असे. १९८१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत गणले गेलेले हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले. १९९९-२००० या वर्षी मासळी निघाली अवघी १,७४५ टन. हजारो कोळी कुटुंबांच्या चुली तिच्यावर पेटतात, हे लक्षात घ्यावे.

चिलिका विकास प्राधिकरणाने उपाय योजला तो वाळूवर. सप्टेंबर २००० मध्ये सातपाड्याजवळ समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले. खारे पाणी परतले, त्यामागोमाग मासे परतले. २००१-०२ साली मासळी बारा हजार टनांच्या घरात पोहोचली. २००२ मध्ये धोक्याच्या यादीतून चिलिकेचे नाव निघाले.

मात्र एकदा मुख खोदले की काम संपले, असे कोणी समजू नये. नद्या गाळ आणतच आहेत, वाळूही स्थिर राहत नाही. शिवाय कोलंबी पोसण्यासाठी बांबू व जाळी रोवून पाणी अडविणाऱ्या 'घेरी' प्रवाहाची वाट रोखतात, लहान कोळ्यांचीही. त्या हटविण्याच्या मोहिमा वेळोवेळी निघतात. परंतु कोलंबीला भाव चांगला येतो, आणि घेरी पुन्हा उभ्या राहतात.