फळ न देणाऱ्या रातांब्याचीही नोंद हवी

रातांबा आपल्या बुरोंडीत सगळ्यांच्या ओळखीचा. पण त्याची नर आणि मादी झाडं साधारणपणे वेगळी असतात, हे किती मुलांना माहीत आहे? नराला फळ धरत नाही, म्हणून त्यावर आधी कुऱ्हाड पडते. पण परागकण त्याच्याकडूनच येतात. परागीभवनातून झालेल्या बीमध्ये निम्मा वारसा त्याचा असतो.

दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता' ही जात निवडली ती बियांपासून वाढलेल्या झाडांमधूनच. कलमं जरूर लावा. पण कलम म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. एकाला बाधणारा रोग सगळ्यांनाच बाधू शकतो. बियांच्या झाडांत मात्र प्रत्येक झाड थोडं निराळं.

राज्य सरकारनं २०२२ मध्ये 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्पाला मंजुरी दिली. तरी गावातलं एकेक झाड गावच ओळखतं. म्हणून मला वाटतं, परिसर अभ्यासात मुलांनी रातांब्यांचा नकाशा करावा: झाड कुठे, नर की मादी, फळाचा रंग कसा, पिकतं कधी. वृक्षारोपणासाठी बियाही एकाच झाडाच्या नकोत, लांबलांबच्या अनेक झाडांच्या घ्याव्यात.

नुसती 'शंभर रोपं लावली' एवढी नोंद पुरेशी नाही. ती किती झाडांची लेकरं आहेत, हेही लिहायला हवं.